समोरचा खडूस

"कोण हा खडूस? बाविसाच्या वर सरकायलाच तयार नाही!" दिवाणखान्यातून आजोबा संगणकावर खेकसले.

आजोबा म्हणजे शेअरबाजारातले जुने दलाल. त्यांच्या काळी सौदा गळ्याने व्हायचा. तळवा आत वळला की घेतलं, बाहेर वळला की दिलं; त्या गलक्यातही माणूस आवाजावरून ओळखू यायचा. आता बाजार मुका झाला. एकाने घरबसल्या मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, भाव जुळला की यंत्र गाठ मारणार. समोर कोण, देव जाणे.

"बाबा, ती बटणांची कंपनी कधीच मेली. विकून टाका," असं मुलगा महिनाभर सांगत होता. सकाळी आजोबांनी "विकले रे!" अशी थाप मारून त्याला ऑफिसला पिटाळलं आणि उतरल्या तोंडाने विकायला बसले. शेअर शंभरच, पण आयुष्यातली पहिली आरोळी त्यांनी ह्याच शेअरसाठी ठोकली होती. आरोळीचा मान राहील असा भाव तर हवा!

ह्या शेअरला एरवी कुत्रं विचारत नसे. आज नेमकं एक गिऱ्हाईक होतं.

"पंचवीस!" आजोबांनी बोट आपटलं. पडद्यावर उत्तर आलं, साडेबावीस.

"चोवीस! घे की, मेल्या!"

तेवीस.

"मेला, पैसा सोडत नाही!" स्वयंपाकघरातून आजी करवादल्या.

"कोण गं?"

"भाजीवाला!"

पाणी प्यायला आत गेलेली सून थबकली. तिनेच उघडून दिलेल्या शेअरच्या खात्यावर आजी मोबाइलवरून भाव टाकत होत्या. "आई, हे काय?"

"हळू बोल. ह्यांनी सकाळी बटणं विकली, तेव्हापासून तोंड बघवत नाही. म्हटलं, गुपचूप शंभर परत आणावेत. पण हा विकणारा हट्टी आहे गं!"

सुनेने आत पाहिलं, बाहेर पाहिलं. ती काही बोलणार, तोच दोघांनीही एकदमच माघार घेतली. साडेतेवीस.

"गेले!" बाहेरून आरोळी आली.

"मिळाले!" आतून आली.

दोन्ही आरोळ्या स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींवर आदळल्या.

शेअर घरातच राहिले, दोन्हीकडची दलाली तेवढी गेली. आजोबा दारात येऊन उभे राहिले. "जुना बाजार असता, तर आवाजावरून ओळखलं असतं तुला."

"चाळीस वर्षं घरात ओरडतेय. कधी ओळखलात?"

आजोबांनी हळूच तळवा आत वळवला. "एक चहा."

आजींनी तळवा बाहेर वळवला. "दिला. पण कप तुम्ही विसळायचे."