शिवहारचा दहावा

"काका, शिवहारला आता मारून टाका," हरीशनं बशीत चहा ओतता ओतता सांगितलं.

व्यंकटरावांचा पानाचा विडा तोंडाशी येऊन थांबला. हिंगोलीच्या एका साप्ताहिकात ते पंचवीस वर्षं एकच विज्ञानकथा लिहीत होते. त्यांच्याच गावचा, गोरेगावचा, शिवहार नावाचा मेंढपाळ हरवलेली शेळी शोधता शोधता अवकाशयानात चढतो आणि मंगळापलीकडं जातो, अशी तिची साधी सुरुवात. शेळी अजून सापडली नव्हती, म्हणून कथा चालू होती. हरीश हा साप्ताहिकाच्या मालकांचा मुलगा. वडिलांच्या माघारी कारभार त्याच्याकडं आला, आणि पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केल्यामुळं त्याला जे दिसेल ते नव्यानं सुरू करायची घाई झाली होती.

"रौप्यमहोत्सव आहे, काका. पाटी कोरी करू. नवा नायक, कॉम्प्युटरवाला. रंगीत पान आणि वर तुमचा फोटो."

"मारायचं काहून पन? म्हातारा करू त्याला. लगीन लावून देऊ."

"जुना असेपर्यंत नव्याला कोण विचारणार?"

आत व्यंकटरावांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, परात आपटली. पण त्या घरात पराती रोजच आपटत, म्हणून व्यंकटरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. फोटोच्या मोहानं घात केला. एका बैठकीत त्यांनी शिवहारचं यान सूर्यात घातलं आणि हात धुऊन जेवायला बसले.

बाजारच्या दिवशी साप्ताहिक गावात येई ते आधी कोंडीबाच्या दाढी-कटिंगच्या दुकानात. कोंडीबा अंक आरशाला चिमट्यानं अडकवायचा आणि दाढी करता करता कथा मोठ्यानं वाचायचा. कथा रंगली की वस्तरा चुकायचा. त्यामुळं या आठवड्याचा भाग कसा झाला हे व्यंकटरावांना कुणी सांगावं लागत नसे. बाजारात किती गालांवर कापूस चिकटलाय ते पाहिलं की झालं. शिवहार धूमकेतूच्या शेपटाला लोंबकळला, त्या आठवड्यात तर कोंडीबाची तुरटी संपली होती.

त्या दिवशी खुर्चीत संपतराव होते. त्यांची स्वतःची मेंढरं, त्यामुळं शिवहारवर त्यांचा भारी जीव. उजवा गाल झाला आणि यान सूर्यात शिरलं. कोंडीबाचा वस्तरा हवेतच राहिला.

"गेलं पोरगं," तो म्हणाला.

संपतरावांनी फेस पुसला आणि ते उठले.

"अवो, डावा गाल ऱ्हायला!"

"सुतकात दाढी करत्यात व्हय?"

अर्ध्या दाढीचा माणूस भर बाजारातून चालला, तर कोण विचारणार नाही? संपतराव सांगत गेले आणि बातमी अंकाच्या आधी घरोघर पोचली. संध्याकाळी व्यंकटरावांच्या ओसरीवर माणसं समाचाराला येऊन बसली. संपतरावांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, पिठलं-भाकरी झाकून आणली. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत ना!

"अवो, ते कथेतलं हाय," व्यंकटराव कळवळून म्हणाले.

"कथेतलं असंल," संपतराव म्हणाले, "पन गावचंच होतं की."

जेवण परत पाठवावं म्हणून व्यंकटराव आत गेले, तर चूल खरंच थंड होती. पंचवीस वर्षांत कथेबद्दल चकार शब्द न काढलेल्या द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"शेळी तरी घावू द्यायची व्हती त्याला," त्या म्हणाल्या.

आपण काय करून बसलो, हे व्यंकटरावांना तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात हरीश नव्या नायकाचा अंक आणि पेढे घेऊन आला. कुणी पेढ्याला हात लावला नाही.

"साल सरल्याबिगर शुभकार्य न्हाई करत," संपतरावांनी अर्धी दाढी खाजवत सांगितलं. अंकांचा गठ्ठा सुतळीसकट हिंगोलीला परत गेला.

आता हरीश घाबरला. "काका, यातून सुटायचं कसं?"

"आधी दहावा तर होऊ द्या," कोंडीबा म्हणाला. गावानं सुतक धरल्यापासून त्याचंही दुकान बसलं होतं.

ओढ्याकाठी पिंड ठेवला तो व्यंकटरावांनीच. शिवहारला दुसरं होतं कोण? समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना.

"तुजी शेळी आमी हुडकतो रं," संपतराव म्हणाले. कावळ्यांनी माना फिरवल्या.

"नवा नायक रद्द करतो," हरीशनं हात जोडले. एक कावळा फांदीवर जरासा सरकला, इतकंच.

मग व्यंकटराव पुढं झाले. "चुकलं रे लेकरा माजं. एका फोटोपायी केलं. तुला परत आनतो, सबद देतो."

कावळा सरळ पिंडावर येऊन बसला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. हरीश तर तिथंच म्हणाला, "शिवहार परत येतोय, हाच आपला रौप्यमहोत्सव!" व्यंकटरावांनी तो भाग जीव ओतून लिहिला. सूर्याला मागून एक दार निघालं. त्यातून शिवहार थोडा होरपळून बाहेर आला आणि त्याच्या खांद्यावर शेळी होती.

बाजारच्या दिवशी ते स्वतः कोंडीबाच्या खुर्चीत बसले. अंकाच्या दिवशी एवढी हिंमत त्यांनी कधी केली नव्हती. आज मात्र कापून घ्यायची त्यांची तयारी होती. कोंडीबा वाचत गेला. दार उघडलं, शिवहार आला, शेळी ओरडली. दाढी पुरी झाली.

"झ्याक लिवलंय, तात्या," बाकावरून संपतराव म्हणाले. "पन ह्यो कोन?"

"कोन म्हंजे? शिवहार!"

"शिवहार सुटला की, तात्या. तुमी सबद दिला अन् कावळा शिवला, सगळ्यांच्या म्होरं. सुटलेलं मानूस माघारी येत न्हाई. ह्यो त्याच्यावानी दिसनारा दुसराच कोनी असंल." मग त्यांना व्यंकटरावांची दया आली असावी. "असू द्या. आमी वाचत जाऊ."

व्यंकटरावांनी आरशात पाहिलं आणि दोन्ही गालांवरून हात फिरवला. कुठंही कापलं नव्हतं. कोंडीबानं काढून ठेवलेली तुरटी कोरडीच परत खणात टाकली.