मोंडकरचा दोर

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतला मोंडकर भाजी आणायला तिरका जातो. मंडई पश्चिमेला आहे आणि संध्याकाळी खाडीवरचा वारा बरोबर तोंडावर येतो. मोंडकर पिशवी काखेत मारून आधी इस्त्रीवाल्याच्या टपरीकडे तिरपा चालतो, तिथे "पलट!" असं स्वतःलाच ओरडतो आणि मग समोरच्या औषधांच्या दुकानाकडे तिरपा निघतो. रिक्षावाले शिव्या देतात. मी एकदा म्हटलं, "अरे, सरळ चाल ना." तर म्हणतो, "जोश्या, वाऱ्याच्या तोंडावर शीड सरळ जात नाही. पाय काय वेगळे लागून गेलेत?"

त्याचा दुसरा छंद म्हणजे "वारा बघितलास?" हा प्रश्न. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाला, "मुलगा झकास आहे. पण वारा बघितलास?" बायको आठवडाभर धास्तावली होती.

असल्या गोष्टी सांगून मी सोसायटीला पुष्कळ हसवलं आहे. पण मोंडकरचा जो किस्सा सगळ्यात जास्त चालतो, तो खोटा आहे आणि तो मी पसरवला आहे. येत्या रविवारी त्याचा निरोपसमारंभ आहे. मुलगी त्याला नागपूरला नेते आहे. सेक्रेटरी तोच किस्सा सांगणार, लोक हसणार, मोंडकरही हसणार. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. खरं काय ते आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

सहा वर्षांपूर्वी मोंडकरने ठरवलं की देवगडला शिडाच्या होडीने जायचं. त्याचे वडील गिरणीत लागायला गलबतातून मुंबईला आले होते. "बाप वाऱ्यावर आला, मी एसटीने जातो. लाज वाटते रे," असं तो म्हणायचा. मनोरीच्या पास्कू तांडेलाने एक जुनी शिडाची होडी हौसेने जपली होती. तो न्यायला तयार झाला, पण अट घातली, की हाताखाली दोन माणसं हवीत, शिकून आलेली. मोंडकर विधुर. मुलगी लांब. दुसरा माणूस म्हणजे मी.

मी पाण्याला भितो. आंघोळीला टमरेल वापरतो, शॉवर नाही. पण मोंडकरला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

दोन महिने गच्चीवर शिकवणी चालली. डिशच्या खांबाला चादर हे शीड, पाण्याची टाकी हा खडक, आणि चादरीच्या कोपऱ्याचा दोर माझ्या हातात. मोंडकर टाकीवर उभा राहून ओरडायचा, "वारा वाढला! सोड!" मी सोडायचो. चादर दोनदा शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेली. एरवी तो साधं मराठी बोलायचा, जीव टांगणीला लागला की मालवणी. गच्चीवर तो कायम मालवणीच बोलत होता. "मेल्या, दोर बांधूचो नाय, धरूचो! बांधलंस तर वाट लागली. हातात असलो तर सुटता."

निघताना माझ्या बायकोने त्याला विचारलं, "भावोजी, यांना पोहता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"वहिनी, माका पण येणा नाय," मोंडकर म्हणाला. तिला याने धीर येईल असं त्याला का वाटलं, देव जाणे.

सकाळी मनोरीहून निघालो. पहिले दोन तास बरे गेले. मग किनारा बारीक झाला. माझ्या हातातल्या शिडाच्या दोराला ओढ होती, तळवे सोलवटले होते. तांडेल सुकाणूवर, मोंडकर पुढे नाळेवर वारा बघत. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चाळीस वर्षं मी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये फायलींचे गठ्ठे बांधले आहेत. ताणलेली दोरी मोकळी राहिलेली माझ्या हातांना बघवत नाही. होडीच्या कडेला एक खुंटी होती. दोन वेढे, वर फास, त्यावर गाठ. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पाच मिनिटांत वारा उसळला. तांडेल ओरडला, "सोड! सोड!" मी गाठीशी झटत होतो. होडी कलली, पाणी आत आलं, बायकोने दिलेला लाडवांचा डबा तरंगत निघून गेला. तांडेलाने कोयत्याने दोर तोडला तेव्हा होडी सरळ झाली. शीड मात्र उभं फाटलं.

"कोणी बांधला?" तांडेलाने विचारलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी खाली वाकून होडीतलं पाणी उपसायला लागलो.

"मी," मोंडकर म्हणाला.

तांडेल म्हणाला, "मग तुम्ही माझ्या होडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही." आणि माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही शिकाल. तुम्ही या."

तिथूनच परत फिरलो. घरी बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मोंडकरने दोर बांधला." दुसऱ्या दिवशी सोसायटीला कळलं. लिफ्ट अडकली की पोरं म्हणतात, "मोंडकर काका, दोर बांधलात काय?" मीही हसतो. मोंडकर पुन्हा देवगडचं नाव काढत नाही. शिडाने जायची गोष्ट तिथेच संपली.

परवा त्याच्या घरी गेलो. तो खोकी भरत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मोंडकर, तो दोर मी बांधला होता."

"माहीत आहे. दोन वेढे, फास, वर गाठ. तुझी फायलीची गाठ मी ओळखणार नाही होय?"

"मग तू का..."

"मला वाटलं, तांडेल मला दोन शिव्या देईल नि सोडून देईल. तुला काढला असता तर?" तो खोक्याकडे बघत म्हणाला. "मी कोणाबरोबर जाणार होतो रे? माझं दुसरं आहे कोण?"

मी म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. तो म्हणाला, "सांग. पण वारा बघून सांग." मग पिशवी उचलली. "चल, भाजी आणूया."

त्याला हल्ली नीट दिसत नाही. इस्त्रीवाल्याच्या टपरीशी पोचल्यावर त्याने रस्त्याकडे बघत नुसता हात माझ्याकडे केला.

"धर," म्हणाला. मी घट्ट धरला.

"मेल्या, बांधू नको. धर."

मी पकड जरा सैल केली. मग तो ओरडला, "पलट!" आणि आम्ही दोघे तिरके निघालो.