भिकूतात्या घर दाखवतात

घरं विकण्यात माझा हात धरणारा अख्ख्या नाशकात कोणी नाही. मी स्वतः सासऱ्याच्या ओसरीवर झोपतो, ते सोडा.

पण भिकूतात्यांपुढं माझी दलाली पायरीवरच अडली. तात्या आणि काकू पंचवटीत एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. माडीला कुलूप. मालकानं घर विकायला काढलं आणि गिऱ्हाईक आणायचं काम माझ्यावर सोपवलं. पहिल्या दिवशी मी न सांगताच एकाला घेऊन गेलो. तात्या उंबऱ्यात आडवे बसून गवार मोडत होते.

"तात्या, सरका जरा. घर बघायचंय."

"घर मालकाचं," तात्या म्हणाले, "पण भाडं भरतोय तोवर उंबरा माझा. आदल्या दिवशी वर्दी द्यायची. आणि घर मीच दाखवणार."

"मालकाचा हुकूम आहे, तात्या."

"मग मालकालाच दाखव, नारू."

गिऱ्हाईक उन्हाला वैतागून निघून गेलं. मी चिवट, हललो नाही. तर तात्यांनी अर्धी गवार माझ्यापुढं सारली. मोडली मी बापड्यानं.

तेव्हापासून वर्दी देऊनच जायचो. तात्यांची उभी हयात यात्रेकरूंना पंचवटी दाखवण्यात गेलेली. घरही तसंच दाखवायचे, पार रामकुंडावर ऐकू जाईल अशा आवाजात. "पाहुणे उंबरा ओलांडून आत आले. नारू डाव्या हाताला, खुंटीखाली. पाहुणे आता माजघरात, देवळीसमोर. इथंच थांबायचं. पुढचं दर्शन मी सांगेन तेव्हा." काय तो थाट! गिऱ्हाइकांचे हात आपोआप जोडले जायचे. एकानं तर पाणी तापवायच्या बंबाला नमस्कार केला. त्याचं बघून मीही केला.

या सगळ्यातून काकू निवांत ये-जा करायच्या. मी हसून मान डोलवायचो, त्या ढिम्म. एकदा खुणेनं पाणी मागितलं, तर घोटभर मिळालं नाही. म्हटलं, भाडेकरू असून केवढा हा ताठा.

मग निफाडचे पाटील आले. शिकणाऱ्या पोरांसाठी त्यांना घर हवं होतं, तेही सगळं रिकामं. म्हणजे तात्यांना बिऱ्हाड हलवावं लागणार, तरी दर्शन चुकलं नाही. "पाटील देवळीसमोर. नारू खुंटीखाली."

नारूला नेमकी तंबाखूची तलफ आली. पाय न वाजवता मी मागल्या दाराकडं सटकलो. तिकडून काकू चहाचं भांडं घेऊन आल्या त्या थेट माझ्यावर. सगळा चहा धोतरावर.

"काकू, दिसत नाही का?" मी बोंबललो.

तात्या पहिल्यांदाच हळू बोलले. "नाही दिसत तिला. लय वर्षं झाली. हे घर तिला हातापायांनी पाठ आहे. परका माणूस तेवढा कुठं उभा आहे, ते मी सांगत असतो."

मी ओलं धोतर चिमटीत धरून उभा. इतके दिवस वाटायचं, म्हातारा आम्हाला घर दाखवतोय. खरं तर आम्ही कुठं आहोत, ते तो काकूंना दाखवत होता.

"आधी सांगायचं नाही का, तात्या?"

"मग तुम्ही घर सोडून तिलाच बघत बसला असता."

पाटील मोठ्यानं म्हणाले, "काकू, मी देवळीपासून निघालो. आता उंबऱ्यात आहे. आता बाहेर पडलो." अंगणात येऊन मला म्हणाले, "घर घेतो. पोरं माडीवर राहतील. खालच्या मंडळींना हलवायचं नाही. आणि वाटेत काही टाकायचं नाही, हे पोरांना मी सांगीन."

मला भरून आलं. आपणही काहीतरी करावं म्हणून मी परत आत डोकावलो आणि तात्यांसारखा खणखणीत आवाज लावला, "काकू, नारू उंबऱ्यात उभा आहे."

"तू ओरडू नकोस," काकू म्हणाल्या. "सांगितल्या जागी उभा राहायला शीक आधी."