विहाराची ताटं आणि वाठोरे सर

वाठोरे सर विहाराची ताटं मागायला आले, की "किती माणसं जेवायला?" असं मी विचारत नाही. "प्रश्न किती खोल आहे?" असं विचारते.

जवळा बाजार या आमच्या गावात विहाराच्या मालकीची लग्नकार्याची भांडी आहेत आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, कारण माझ्या हातून वाटी हरवत नाही. सर माझे शेजारी. ज्या शाळेत मी शिवण शिकवते, तिथेच ते गणित शिकवतात. कुणाचं गणित चुकलं तर ते रागावत नाहीत. वहीत बोट ठेवून विचारतात, "कितव्या ओळीपर्यंत बराबर होतं?" हाच प्रश्न त्यांनी एकदा माझ्या बिघडलेल्या वरणालाही विचारला होता. फोडणीपर्यंत बराबर होतं, हे मला कबूल करावं लागलं.

मास्तर होण्याआधी ते चार वर्षं मुंबईला कॉम्प्युटरवर कामाला होते. वडिलांना लकवा मारला, आई आधीच गेलेली, म्हणून महिन्याची सुट्टी काढून गावी आले. त्याला आता सात वर्षं झाली. पण जुने सोबती त्यांना सोडत नाहीत. कुणाचा प्रोग्रॅम बंद पडला, की भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा पोस्टानं सरांच्या दारात येतो. प्रोग्रॅम म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनांची यादी, एका कार्डावर एक सूचना, एवढं मलाही कळतं.

मशीन गावात नाही, म्हणून सर माणसांना मशीन करतात. गल्लीतल्या बायकांना विहाराच्या अंगणात बसवायचं, प्रत्येकीला सूचनेची चिठ्ठी द्यायची. एकीनं दुसरीला काही विचारलं, की मध्ये एक ताट ठेवायचं. उत्तर आलं, की ताट उचलायचं. जितकी ताटं रचलेली, तितकी कामं अर्धवट. खोलीतली सगळी ताटं संपली म्हणजे मशीनची जागा संपली आणि मशीन बंद पडलं.

"मशीन हुशार नसतंय बाई," ते मला सांगतात. "फकस्त ऐकणारं असतंय. असं माणूस आपल्या घरात एक बी न्हाई, म्हणून लोकांना त्याचं नवल."

दारातल्या बाजेवरून त्यांचे वडील दर वेळी तेच विचारतात, "दिगू, जेवण न्हाई अन् ताटं काहून मांडून राहिला?"

"विचार मांडून राहिलो बाबा."

"मंग विचारावर वरण वाढ थोडं."

मागच्या वर्षी जो गठ्ठा आला तो माझ्या भाचीचा होता. सुनंदा सरांचीच विद्यार्थिनी. एम.एस्सी. होऊन हैदराबादला नद्यांच्या पाण्याचं गणित करणाऱ्या एका कचेरीत लागली, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. पाच महिने होत आले तरी तिचा प्रोग्रॅम चालेना. मशीन तिच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच येई, आणि दर वेळी एकाच ओळीचा कागद हातात पडे: जागा संपली, काम बंद. इकडे तिच्या वडिलांनी शिरड शहापूरचं स्थळ बघून ठेवलं होतं. नोकरी टिकली तर थांबतो, नाही तर मुलीला घेऊन येतो, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. मी तेच सरांना सांगितलं. त्यांनी किल्ली मागितली.

सुनंदाची रीत मला आवडली. नदीत पाणी किती, हे नदीला विचारायचं. नदी आपल्या ओढ्यांना विचारणार, ओढे आपल्या लहान ओहळांना. ज्याला वरून कुणी येऊन मिळत नाही, त्यानं आपल्यावर पाऊस किती पडला तेवढं विचारून उत्तर द्यायचं. मग उत्तरं बेरीज होत होत खाली येणार. कौशल्याबाई कयाधू नदी झाल्या, सोजरबाई ओढा, गयाबाई पाऊस; पावसाचा आकडा सरांनीच चिठ्ठीवर लिहून दिला. ताटं चढली आणि शहाण्यासारखी उतरली. चार रविवार आम्ही हे केलं. चारही वेळा नदीला बरोबर उत्तर मिळालं.

"मंग मशीनलाच काहून येऊन न्हाई राहिलं?" सोजरबाई म्हणाल्या. "आमच्यासारखं बसवा म्हणावं त्याला मांडी घालून."

सर तीन दिवस सुनंदाचीच कार्डं पुन्हा पुन्हा चाळत होते. चौथ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेले. त्या कार्डांसोबत आलेले दोन जाडजूड गठ्ठे दोरीही न सोडता कोपऱ्यात ठेवलेले दिसले.

"हे काय?"

"तयार गठ्ठे हायत. नेहमीची कामं लोकांनी करून ठेवलेली असतात. एकात पावसाचे आकडे, एकात जमिनीचा उतार. सुनंदानं जसेच्या तसे जोडले."

"तुम्ही उघडून बघितले?"

"ते तपासलेले असतात बाई. मोठ्या साहेबांनी."

"एकाच साहेबांनी?"

"न्हाई. दोन जागचे हायत."

"मग ते दोघं एकत्र बसल्यावर काय करतात, हे कुणी तपासलंय?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं मी काही वावगं बोलले. मग ते खाली बसले आणि दातांनी दोरीची गाठ सोडू लागले.

पाचव्या रविवारी अंगणात दुप्पट बायका होत्या. या खेपेला सरांनी गठ्ठ्यातल्या क्रमानंच सगळ्यांना बसवलं. उताराचा गठ्ठा आधी, म्हणून त्यातल्या बायका पुढे. त्यातल्या एकीच्या, चंद्रभागाबाईंच्या चिठ्ठीवरही 'पाऊस' असंच नाव होतं. पावसाच्या गठ्ठ्यातल्या गयाबाई मागे पडल्या आणि रुसल्या.

सोजरबाईंनी ताट ठेवलं. "पावसा, माझ्यावर किती पडलास?"

पुढे बसलेल्या चंद्रभागाबाईंनी चिठ्ठी वाचली. त्या गठ्ठ्याच्या साहेबांनी पाऊस वेगळ्या रीतीनं काढलेला होता, ओढ्यातल्या पाण्यावरून. त्यांनी ताट ठेवलं. "ओढ्या, तुझ्यात पाणी किती?"

"अगं, मी तुलाच विचारून राहिले."

"माझ्या चिठ्ठीत हेच लिवलंय. तू सांग, मंग मी सांगते."

"तू सांगशील तवा मी सांगंल ना."

"थांबू नका," सर म्हणाले. "विचारत राहा. ताटं ठेवत राहा."

ओढा पावसाला विचारत होता, पाऊस ओढ्याला. ताटं गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, आणि मग सगळी चळत अंगणभर कोसळली. मागून गयाबाई ओरडल्या, "मला कुनी विचारलंच न्हाई. माझ्याकडं आकडा हाय."

सर ताटांच्या मधोमध उभे होते आणि हसत होते. "गावलं," म्हणाले. "एकाच नावाचे दोघं. मशीन पहिल्यालाच हाक मारतंय." तीन ताटांना पोचे आले. ती मी चळतीच्या तळाशी घातली आणि खोलीला कुलूप लावलं.

मशीनची पाळी गुरुवारी होती आणि सुनंदासाठी ती शेवटची. पत्र वेळेत पोचलं नसतं. कौशल्याबाईंनी बाबांना शुक्रवारपर्यंत भरवायचं कबूल केलं. सर आणि मी पूर्ण्याला जाऊन गाडी धरली. हैदराबादला कचेरीच्या व्हरांड्यात बसून सुनंदानं उताराच्या गठ्ठ्यातल्या पावसाचं नाव बदललं आणि नवी कार्डं पाडून आणली. सरांनी ती बोटांनी एकदा तपासली, वाचावी लागली नाहीत. मग गठ्ठा घेऊन ती आत गेली.

मशीनच्या खोलीला मोठी काच होती. आम्ही बाहेर उभे राहिलो. पाऊण तासानं सुनंदा आली ती कागदाची लांबच लांब घडी दोन्ही हातांत धरून. एकही ओळ रिकामी नव्हती. तिच्या साहेबांनी तो कागद उभ्या उभ्या चाळला आणि म्हणाले, "सोमवारपासून दुसरी नदी घ्या." नोकरी टिकली, अशी तार तिच्या वडिलांना करायला पोस्ट कुठे आहे, ते मी तिथल्या शिपायाला विचारलं.

सुनंदा म्हणाली, "सर, आत चला. मी साहेबांना विचारलंय. चपला इथं काढायच्या."

सरांनी एक चप्पल काढली. मग परत घातली.

"न्हाई पोरी. कौशल्याबाईंना शुक्रवारचंच सांगितलंय."

"पाच मिनिटं तर लागतात."

"पाच मिनिटांसाठी न्हाई जमायचं मला."

ते पुन्हा काचेशी गेले. आत एक माणूस मशीनमध्ये कार्डं लावत होता आणि ती भराभर आत ओढली जात होती. काच जाड होती, बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

"सुनंदा," त्यांनी विचारलं, "कार्डं जाताना आवाज कसा येतोय?"

"कोरड्या शेंगा तडकल्यासारखा, सर. लई भराभर."

"व्हय," सर म्हणाले. "अजून तसाच येतोय."

आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.