थूलकाकांचं शांघाय

आमच्या पिपरी मेघेत नाल्याच्या अलीकडे राहणारे पुशीचे आणि पलीकडचे पुडोंगचे, हे आम्हाला थूलकाकांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. शांघायच्या मधून ह्वांगपू नदी वाहते. तिच्या पश्चिमेला पुशी, पूर्वेला पुडोंग. काकांच्या लेखी आमचा नाला म्हणजे ह्वांगपू. एकदा पार्सलवाल्याने ढोक्यांचं घर विचारलं, तर काका म्हणाले, "पुडोंगात. पूल ओलांडजो." तो बिचारा बराच वेळ मोबाईलमध्ये पुडोंग शोधत उभा होता.

आडनाव थूल, अंग मात्र तुराटीसारखं. उभा जन्म जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून गेला. नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवतो, हे कळल्यापासून तर माझी रोज परीक्षा.

"मास्तर, शांघाय म्हंजे काय?"

"शहर."

"अर्थ सांगा! 'समुद्रावर'. पन गावातून समुद्र दिसते का? नाई दिसत! काऊन? नदी गाय आनून टाकते, जमीन पुढं सरकते." 'गाय' म्हणजे गाळ, हे समजायला मला दोन दिवस लागले.

इतिहासही तोंडपाठ. "पहिले साधं गाव होतं. मासोया अन् कापूस. मंग अफूच्या लढाईनंतर इंग्रजायनं एक तुकडा घेतला, फ्रेंचायनं दुसरा. एका गावात तीन राज्यं! इकडं चोरी कराची, रस्ता ओलांडाचा, पोलिस हात चोयत उभा." आणि पुडोंग? "आपल्या बोरगावात पहिले कापसाची पराटी होती, आता प्लॉट पडले. तसंच. फक्त त्यायच्या इमारती ढगात गेल्या."

गेल्या हिवाळ्यात फॅक्टरीच्या मालकाने शांघायहून नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. पाहायला दोन माणसं जाणार होती. यंत्राचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखणारा माणूस म्हणून मालकाने निवृत्त थूलकाकांना बोलावलं. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. चौकात आम्ही त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कारही केला. आणि निघायच्या दिवशी काकांनी आपल्या जागी दुसरा फिटर पाठवून दिला!

"भेला असन इमानात बसाले," चौक म्हणाला. मला राहवेना. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

काकांच्या पत्नी सुमनकाकू सहा वर्षांपासून लकव्याने खाटेवर आहेत, हे माहीत होतं. पण मी ओसरीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी काकांनी आत नेलं. खाटेसमोरच्या भिंतीवर शांघायचा मोठा नकाशा होता, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला.

"म्या म्हटलं, जा जी. बहीण येनार होती माही," काकू अडखळत म्हणाल्या. "आयकलंच नाई."

"मग अडलं कुठे, काका?"

काकांनी नकाशाची सुटलेली पट्टी दाबून बसवली. मग म्हणाले, "लकवा मारला तं चार महिने बोललीच नाई हे. डॉक्टर म्हने, बोलन का नाई, सांगता येत नाई. भिंतीकडं पाहत पडून राहे. तवा फॅक्टरीत शांघायहून आलेल्या यंत्राच्या खोक्यात हा नकाशा निंगला. म्हटलं, कोऱ्या भिंतीपक्षा हा बरा. लावला. तिसऱ्या दिवशी बोट केलं इनं, अन् म्हने, 'हे काय?'"

"नदी होती," काकू म्हणाल्या.

"मले कुठं माहीत! मी धावत लायब्ररीत गेलतो. दुसऱ्या दिवशी दुसरा सवाल. तवापासून रोज एक. सांगितलं का दोघं मिळून तिथं हिंडतो." काका खाटेच्या कडेला टेकले. "बहीण जेवू घालन, औषध देइन. पन आठ दिवस हे इचारन कोनाले?"

"कोनालेच नाई," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी थांबली असती."

"तेच तं," म्हणत काका काकूंकडे न पाहता उशी सारखी करू लागले.