आप्पांची डाव्या खांद्याची रायफल

बसा, टेका जरा. घाईत असलात तरी ऐकून जा, कारण सलूनवाल्या आप्पांची ही गोष्ट उभ्याउभ्या सांगण्यातली नाही. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त त्यांच्या दुकानासमोर नको.

तर आमचे पोस्टमास्तर अठरा वर्षं आप्पांकडे दाढीला यायचे. मिशी त्यांची अशी, की माणूस नंतर दिसायचा, मिशी आधी. एका सकाळी वस्तरा गालावर असताना ते शिंकले. हनुवटीवर एवढीशी रेघ उमटली. आप्पांनी तुरटी लावली, त्यांच्या लेखी विषय संपला. पोस्टमास्तर मात्र दुसऱ्या दिवशी समोरच्या नव्या एसी सलूनमध्ये जाऊन बसले, आणि तिकिटं देता देता खिडकीतून सगळ्यांना सांगू लागले, "आप्पांचा हात थरथरतो हो. वय झालं आता."

वस्तरा चालवणाऱ्याबद्दल असं बोलतात का? एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की झालं! महिन्याभरात आप्पांच्या तीनपैकी दोन खुर्च्यांवर जुनी वर्तमानपत्रं बसायला लागली.

तेवढ्यात गावातल्या नेमबाजी क्लबाच्या हॉलवर पाटी लागली, नवशिक्यांची एअर रायफल लीग. दहा मीटरवर कागद, कागदाच्या मधोमध मोहरीपेक्षा बारीक ठिपका, त्यात छर्रा घालायचा. यादीत पहिलंच नाव पोस्टमास्तरांचं, खाली कुठंतरी माझंपण.

"माझंपण घाला," आप्पा म्हणाले. "सगळ्यांसमोर ठिपका फोडतो, मग बघू कोण म्हणतंय हात थरथरतो ते."

"आधी सामान आणा," कोचबाई म्हणाल्या. बाई शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या, आवाज अजून मैदानावरचाच. "रायफल, जाकीट, हातमोजा, बूट. हे फोटोंचं पुस्तक घ्या, बघून फॉर्म भरा. शंका आली तर मला विचारा."

विचारतील ते आप्पा कसले!

आता आप्पांची रीत सांगतो. गिऱ्हाईक कुणा नटाचा फोटो घेऊन आलं, की आप्पा तो आरशाला चिकटवतात. आरशातलं डोकं फोटोतल्या डोक्यासारखं दिसेपर्यंत कातरी थांबत नाही. आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांचा भांग उलट्या बाजूला का पडतो, ते मला फार उशिरा कळलं. तर आप्पांनी पुस्तकातला नेमबाज आरशाला चिकटवला आणि खांद्याला झाडू लावून समोर उभे राहिले.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, टेप घेऊन माप घेत होत्या. "अहो, त्यानं बंदूक दुसऱ्या खांद्याला लावलीय."

"आरशात बघ. तो आणि मी, सेम टू सेम दिसतोय का नाही?"

"दिसताय खरं, पण..."

"तीस वर्षं आरशात बघून काम करतोय मी. तू लिही. खांदा, डावा. हातमोजा, उजवा."

वहिनींनी लिहिलं. फॉर्मच्या खाली 'माल बदलून मिळणार नाही' असं छापलं होतं, तेपण त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

पार्सल आलं पोस्टातच. सही घेता घेता पोस्टमास्तर म्हणाले, "नीट धरा हं आप्पा, हातातून सुटेल."

दात खात आप्पा हॉलवर आले, मागून वहिनी. जाकीट पत्र्यासारखं ताठ, बूट फळीसारखे, चालणं बदकाचं. रायफल उजव्या खांद्याला लावली तर गाल टेकवायची फळी भलतीकडेच.

कोचबाईंनी चष्मा पुसला. "आप्पा, तुम्ही डावखुरे?"

"छे! जेवतो उजव्यानं, वस्तरा उजव्यानं."

"मग हे सगळं डावखुऱ्याचं का आणलंत?"

आप्पांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी छताकडे बघितलं.

"आता काय करायचं, बाई?"

"आता डावखुरं व्हायचं. महिना आहे हातात."

झालं! दात घासणं डाव्यानं, चहा डाव्यानं, अर्धा पोटात, अर्धा सदऱ्यावर. दुकानात येऊन उजव्यानं हवेत वस्तरा फिरवून बघायचे, हा तरी आपला राहिला ना म्हणून.

सामन्याचा दिवस उजाडला. मी दोन जागा सोडून उभा होतो, सगळं या डोळ्यांनी बघितलं. त्याचं काय असतं, आम्ही उजवे सगळे एका अंगाला तोंड करून उभे राहतो. पुढच्याची पाठ दिसते, बाकी काही नाही. आप्पा एकटे उलटे. आणि त्यांच्या डाव्या हाताला कोण, तर पोस्टमास्तर! दोघं समोरासमोर, मध्ये हातभर अंतर.

पोस्टमास्तरांनी पहिले चार छर्रे झकास घातले. रायफल खाली घेऊन मान वर केली, तर आप्पा टक लावून त्यांच्या मिशीकडे बघतायत. आप्पांनी मान डावीकडे कलती केली. एक डोळा मिटला. मान उजवीकडे कलती केली. आणि हळूच, "च्!"

पोस्टमास्तरांचा हात मिशीवर गेला. पाचवा छर्रा गेला कागदाच्या कोपऱ्यात.

"बाई! हे माझ्याकडे बघतायत!"

"मग काय डोळे मिटून उभा राहू?" आप्पा म्हणाले.

"गप्प बसा दोघंही," बाई जवळ आल्या. त्यांनीपण मिशीकडे बघितलं आणि पटकन तोंडावर हात धरला.

त्यानंतर पोस्टमास्तरांचा एक छर्रा धड गेला नाही. आप्पांचं तरी कुठं लक्ष होतं? पोस्टमास्तर शेवटून दुसरे, आप्पा शेवटचे.

गुण वाचून झाल्यावर कोचबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "आप्पा, हात दगडासारखा आहे तुमचा! जरासुद्धा हलत नाही. डोळा तेवढा भटकतो!"

 पोस्टमास्तर आप्पांजवळ सरकले. "कुठली बाजू हो?"

"उजवी. चार केस लांब ठेवलेत त्या एसीवाल्यानं."

"दुकान उघडं आहे?"

आप्पा जाकिटासकट, बदकासारखे पुढे. पोस्टमास्तर मिशी झाकून मागे.

तेव्हापासून दर सामन्याला आप्पांच्या डाव्या हाताला कोणीतरी सापडतं. त्या नजरेपुढं टिकायचं कसं? म्हणून ज्याची पाळी असेल तो आदल्या दिवशी आप्पांच्याच खुर्चीत जाऊन बसतो, सोबत त्याचा भाऊ, त्याचा मेहुणा. तिन्ही खुर्च्या भरलेल्या, वर बाकावर रांग. आप्पा लीगमध्ये अजून शेवटचेच आहेत, पण ते सांगायला त्यांना वेळ कुठं आहे?

या रविवारी त्या जागेवर माझी पाळी आहे. तीनदा चक्कर मारून आलो, आप्पांकडे सोमवारपर्यंत नंबर नाही. म्हणून शेवटी घरीच कातरी चालवली. तुम्ही जरा असे उजेडात या, आणि भीड न धरता सांगा, ही मिशी दोन्हीकडून सारखी आहे ना?