बाबांचा आवाज आणि माझं मौन

"सूनबाई, मोठ्यानं बोल! मुंगीला तरी ऐकू जाऊ दे!"

आमचे सासरे, म्हणजे बाबा, मला लग्न झाल्यापासून हेच सांगत आले. त्यांचं आपलं बरं होतं! उभी हयात कोर्टात नावांचा पुकारा करण्यात गेलेली. घरात त्यांनी "चहा झाला का?" म्हणून विचारलं की शेजारच्या घरातून "झाला!" असं उत्तर यायचं. आणि माझा आवाज असा, की मी दार वाजवून "मी आहे" म्हटलं तर आतून "कोणी नाही वाटतं" असं ऐकू येतं.

पण नेम पाळण्यात माझा हात धरणारं या घरात कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पहाटे उठायचं, देवासमोर दिवा लावायचा, आणि अंघोळ झाल्यापासून जपाची माळ पुरी होईपर्यंत मौन. तेही कडकडीत! फार तर बोटानं खूण; हुंकार नाही, कागदावर लिहून दाखवणं नाही. पळवाट ठेवली तर तो नेम कसला? एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, तरी मी "अगं बाई"सुद्धा म्हटलं नव्हतं. असा माझा लौकिक!

दुसरा नेम दुपारचा. सासूबाईंची नजर अधू झाली, तेव्हा बाबांनी त्यांच्या आवडीचं एक जाडजूड पुस्तक मोठ्यानं वाचून, एकेक प्रकरण करून कॉम्प्युटरवर साठवलं होतं. पुढे बाबा गेले, आवाज राहिला. रोज दुपारी मी एक प्रकरण लावायची आणि सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मधेच बाबा खोकायचे, की त्या म्हणायच्या, "पाणी प्या हो." पुढेपुढे तर खोकल्याची जागा त्यांना इतकी पाठ झाली, की खोकला यायच्या आधीच पाणी प्या!

आणि एका संध्याकाळी त्या कॉम्प्युटरमधून घरघर ऐकू यायला लागली.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणजे आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. दुकानावर 'कॉम्प्युटर क्लिनिक' अशी पाटी आहे, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणते, आणि तोही तोंड पाडून तसाच बोलतो. मी फोन कॉम्प्युटरला टेकवला. त्यानं ऐकलं आणि एक सुस्कारा सोडला.

"हार्ड डिस्क आहे. आत तबकडी असते, तिच्यावरून बारीक टोक फिरतं. ते टोक आता तबकडीला घासायला लागलंय. आत्ताच्या आत्ता बंद करा! आणि मी येईपर्यंत पुन्हा चालू करू नका. एकदासुद्धा नाही! उद्या दुपारी येऊन नेतो. वाचली तर वाचली."

मी बंद केला, वर कापड घातलं आणि फोन ठेवते न ठेवते तोच वन्संचा फोन! वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. आवाज थेट बाबांवर गेलेला. सासूबाई पलीकडच्याच खोलीत होत्या. त्यांना एवढ्यात कळू नये म्हणून मी नेहमीपेक्षाही हळू बोलले.

"वन्सं, हार्ड गेलंय हो."

"हार्ट?"

"हो ना. घरघर लागलीय. डॉक्टर म्हणतात, वाचेल असं काही सांगता येत नाही."

"अगं बाई! कधीपासून?"

"संध्याकाळपासून. आईंना अजून कळू दिलं नाहीये."

"तिला कसं कळू द्यायचं, वहिनी! दादा काय म्हणतो?"

"हे म्हणाले, जुनीच झाली होती, कधीतरी जायचीच."

त्यापुढचं "आता नवी आणू" हे वन्संना ऐकू गेलं नाही, ही देवाचीच कृपा! पलीकडून मोठा हुंदका आला आणि फोन बंद झाला. मला बरं वाटलं. म्हटलं, वडिलांच्या आवाजाची केवढी माया!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी माळ जेमतेम निम्मी झाली होती, तोच दार धाडकन उघडलं. वन्सं आणि त्यांचे यजमान, आमचे भावोजी, पहिल्या गाडीनं येऊन हजर! वन्संचे डोळे सुजलेले, भावोजींच्या पायात दोन वेगळ्या चपला.

"वहिनी! आई कुठंय?"

मी बोट वर केलं. सासूबाई रोज सकाळी गच्चीवर उन्हाला जाऊन बसतात. हे त्यांची खुर्ची घेऊन बरोबर जातात.

वन्संनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "गेली?"

मी मान डोलावली. गेल्याच होत्या की!

"कधी?"

मी चुटकी वाजवली. हे काय, आत्ताच!

"आणि दादा?"

मी पुन्हा बोट वर केलं.

"दादासुद्धा!" वन्संनी मटकन बसकण मारली.

"अगं, तो पुढच्या तयारीला गेला असेल," भावोजी म्हणाले. "माणसं अशी जोडीनं जात नाहीत."

मला यातलं एक अक्षर कळलं नाही, हे कबूल करते. मी समजत होते, सगळं बाबांच्या आवाजासाठी चाललंय. वन्सं रडायला लागल्या तशी मलाही ते रोजचं प्रकरण, तो खोकला, ते "पाणी प्या हो" आठवलं आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. झालं! उरलीसुरली शंकाही फिटली.

"वहिनी, आईचा तो हसरा फोटो," वन्सं नाक पुसत म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर आहे ना? पेपरात द्यायला लागेल. अहो, काढा बघू!"

भावोजींनी कापड उचललं.

मी धावले! माळ एका हातात, दुसऱ्या हातानं भावोजींची बाही धरली आणि मान अशी हलवली, की केसांची पिन उडून खिडकीवर आपटली. भावोजी घाबरून म्हणाले, "वहिनींच्या मनावर परिणाम झाला गं!" त्याबरोबर वन्संनी मागून येऊन मला अशी मिठी मारली, की घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखी माझी गत झाली. नुसती नाकपुडी तेवढी बाहेर!

आणि भावोजींनी बटण दाबलं.

घर्र. टक्. टक्. टक्.

"चालू होत नाहीये," म्हणत त्यांनी बंद केला, पुन्हा चालू केला. वर एक थापटी मारली. भावोजी रेडिओपासून मोटारीपर्यंत सगळ्याला थापटीनंच बरं करतात.

एक शब्द! "थांबा!" एवढा एकच शब्द पुरे होता. माळेचे बोटभर मणी उरले होते. इतक्या वर्षांचा नेम, आता शेवटच्या बोटभर मण्यांवर मोडायचा? मी काय केलं असेल? जपाचा वेग वाढवला! देवाचं नाव मी त्या दिवशी जसं घेतलं तसं कोणी वाण्याच्या सामानाची यादीही धडाधड वाचत नसेल. इकडे मणी सरकतायत, तिकडे टक् टक् चाललंय, मधूनमधून थापटी!

शेवटचा मणी सुटला. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "भावोजी, बंद करा!"

कोणालाही ऐकू गेलं नाही.

"रड, वहिनी, रड," वन्सं माझी पाठ थोपटत म्हणाल्या. "मनात ठेवू नकोस."

टक्. टक्. मग तेही थांबलं. कॉम्प्युटर माझ्यापेक्षा कडक मौनात गेला.

इतक्यात दारातून आवाज आला, "काय गं हा गोंधळ! गच्चीपर्यंत ऐकू येतोय. कोण गेलं?"

सासूबाई! मागे खुर्ची घेऊन हे! वन्संनी किंकाळी फोडली. भावोजी कीबोर्डवरच बसले. मग रडणं, हसणं, "हार्ट म्हणालीस!", "हार्ड म्हणाले हो!", "मग नीट बोलायला काय होतं!" यात बराच वेळ गेला. त्या सगळ्या गलक्यात सासूबाईंनी मला पुन्हा विचारलं, "पण गेलं कोण?"

"बाबा," मी म्हटलं.

आणि नशीब बघा, हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं!

"वहिनी, ते तर केव्हाच..." भावोजी चाचरले. सासूबाईंनी चाचपडत खाली पडलेलं कापड उचललं, झटकलं आणि कॉम्प्युटरवर नीट पांघरलं. त्यांना सगळं कळलं होतं.

डॉक्टर दुपारी आला आणि डिस्क घेऊन गेला. पुन्हा उगवला तो तोंड आणखी पाडून.

"बरीचशी तबकडी खरवडली गेलीय. घरघर होती तेव्हाच थांबलं असतं, तर पुष्कळ काढता आलं असतं." त्यानं भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी पंख्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे. "पुस्तक काही वाचलं नाही. एक तुकडा तेवढा मिळाला, पुस्तकाच्या आधीचा."

आम्ही सगळे गोल करून बसलो. त्यानं तो लावला.

"हॅलो, हॅलो! चालू झालं का गं हे?" बाबा! अगदी समोर बसल्यासारखे! मग नुसतीच खरखर. मग पुन्हा बाबा, "सूनबाई, मोठ्यानं बोल! मुंगीला तरी ऐकू जाऊ दे!"

संपलं.

"मधली ती खरखर काढून टाकू का?" डॉक्टरनं विचारलं. "तिथं कोणी बोलत नाहीये."

ती खरखर म्हणजे मी होते. "हो बाबा, चालू झालं," असं मी म्हटलेलं मला स्वच्छ आठवतं.

वन्सं हसता हसता रडायला लागल्या. सासूबाईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तो नेम मोडायचीच वेळ होती, आणि मी बोटभर मणी मोजत बसले! देवानं त्याबद्दल मला काही विचारलं नाही. सासूबाईंनीही नाही. तेच जास्त लागतं.

"पुस्तक नाही ना वाचलं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही वाचलं, आई."

"मग तू वाच."

"मी?"

"रोज दुपारी. आणि ते सांगतायत तसं वाच."

"वाचेन," मी म्हटलं.

"काय?"

"वाचेन, आई!"

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातून ते जाडजूड पुस्तक काढलं, पुसलं, चष्मा शोधून लावला, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. सासूबाई डोळे मिटून बसल्या. मी पहिलं पान वाचलं. माझ्या मते तर घर दणाणून सोडलं! दुसऱ्या पानाला हात घातला, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"चष्मा सापडला का गं? मग कर की सुरुवात."

मी एक घोट पाणी प्यायले आणि पान मागे उलटलं.